कपाटात पाच कॅमेरे, हातात नेमका नको तो : सात आठवड्यांच्या नोंदी

1 जून 2024, शनिवार

काल भाच्याच्या धावण्याच्या शर्यतीला मी मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि 45 मिमीची लेन्स घेऊन गेले. पिशवी हलकी हवी होती, एवढंच कारण. ट्रॅक मैदानाच्या पार पलीकडे. 140 फोटो काढले. त्यात भाचा मुंगीएवढा, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या काकांचं टक्कल मात्र उरलेले केस मोजता येतील इतकं स्पष्ट. ताईने फोटो पाहिले आणि म्हणाली, "पाच कॅमेरे आहेत तुझ्याकडे, आणि दरवेळी नेमका नको तोच घेऊन येतेस."

बोलणं लागलं, कारण खरं होतं. म्हणून ठरवलं की पुढचे काही आठवडे एकेका प्रसंगाला सगळे कॅमेरे न्यायचे आणि शेवटी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवायचा : कुठे जाताना काय उचलायचं. भाऊही माझेच कॅमेरे नेतो, त्याचे फोनही कमी होतील.

कपाटातला ऐवज असा. एक जुना डीएसएलआर (आत आरसा असतो, फोटो काढताना तो वर उचलला जातो), 24 मेगापिक्सेल, एपीएस-सी मापाचा सेन्सर (23.5×15.6 मिमी), सोबत 50 मिमी एफ/1.8, 18–140 आणि 70–300 मिमी. (मिमीचा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) एक मायक्रो फोर थर्ड्स मिररलेस, 16 मेगापिक्सेल, सेन्सर 17.3×13 मिमी, सोबत 14–42, 45 एफ/1.8 आणि 40–150. एक खिशात मावणारा, '1 इंची' सेन्सरवाला. (या 1 इंचात इंच कुठेच नाही. सेन्सर 13.2×8.8 मिमीचा असतो, कर्णसुद्धा 16 मिमीच्या आतच. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून नाव पडलं ते पडलंच.) चौथा पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा. पाचवा मोबाइल.

2 जून, रविवार

अख्खा दिवस तक्ता करण्यात गेला. आडव्या ओळींत प्रसंग, उभ्या रकान्यांत कॅमेरे, प्रत्येकाला 10 पैकी गुण : स्पष्टता, रंग, कमी उजेड, वेग, वजन. बेरीज केली तर सगळीकडे डीएसएलआर पहिला. शर्यतीलाही तोच, सहलीलाही तोच, पावसातही तोच! पावसात वजनाचे गुण कापले तरी स्पष्टतेत त्याने भरून काढले.

तक्त्यात काहीतरी गडबड आहे हे कळतंय, काय ते कळत नाही. तसाच ठेवला.

5 जून, बुधवार

पहिली चाचणी साधी, स्टॉपवॉच लावून : "तो बघ!" ऐकल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ. प्रत्येकी पाच वेळा केलं आणि मधला आकडा घेतला.

मोबाइल 3 सेकंद. खिशातला 4. पाण्यातला 5. मिररलेस पिशवीतून काढून 13. डीएसएलआर 21, त्यातले 6 सेकंद नुसते लेन्सचं झाकण कुठे ठेवू या विचारात. कॅमेरा गळ्यात असेल तर हे आकडे बदलतात, पण माझा कॅमेरा गळ्यात नसतो, पिशवीत असतो. स्वतःशी खोटं बोलून चाचणी घेण्यात अर्थ नाही.

8 जून, शनिवार

भावाच्या हौशी नाटकाची रंगीत तालीम. छोटं सभागृह, वर एलईडीचे दिवे, प्रेक्षक म्हणून आम्ही दहा-बारा जण.

डीएसएलआरने सुरुवात केली. पहिल्या प्रवेशात नायिका पत्र वाचता वाचता थांबते, सगळं शांत, आणि त्या शांततेत माझा आरसा वर गेला : खटाक्. दिग्दर्शकाने मान वळवून पाहिलं. मेनूत 'शांत' नावाचा पर्याय आहे, तो लावला. खटाक्‌चं ख-टक झालं, इतकंच. पाच मिनिटांत डीएसएलआर पिशवीत.

मिररलेसला इलेक्ट्रॉनिक शटर आहे, अजिबात आवाज नाही. मनात म्हटलं, झालं काम. शटर 1/320 सेकंदावर ठेवून धडाधड 200 फोटो काढले. छोट्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तर प्रत्येक फोटोत आडवे पट्टे : एक उजळ, एक काळपट, पुन्हा उजळ. नायिकेचा चेहरा उजेडात, गळा अंधारात, कंबर उजेडात.

मोजले तर साधारण सहा पट्टे भरले. 50 हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. म्हणजे माझा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचायला जवळजवळ 0.06 सेकंद घेतो. शटर 1/320 दाखवत असलं तरी वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात दिवा सहा वेळा लुकलुकून गेलेला असतो. 200 पैकी एकही फोटो ठेवण्यासारखा नाही. पट्टे काढायचा प्रयत्न करण्यात आणखी दोन तास घालवले. निघत नाहीत. तुमचेही निघणार नाहीत, तो वेळ वाचवा.

9 जून, रविवार

नशिबाने तालीम आजही होती. मिररलेस, आवाज बंद, शटर 1/100. पट्टे गायब. वीज 50 हर्ट्झची असेल तिथे 1/100 किंवा 1/50, 60 हर्ट्झची असेल तिथे 1/120 किंवा 1/60. दिव्याचा पूर्ण झोका शटरच्या वेळात बसला की झालं.

पण 1/100 वर नट हलला की हात पुसट होतो. म्हणून बटण दाबायची वेळ बदलली. संवाद संपतो, नट क्षणभर थांबतो, तेवढ्यात. काल 200 काढले होते, आज 60, आणि त्यातले 22 चांगले. खिशातल्याचा आवाजही जवळजवळ नसतो, पण तो झूम केला की एफ/1.8 वरून एफ/2.8 वर येतो आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) 6400 पर्यंत चढतो. चेहऱ्यांवर वाळू पसरल्यासारखी दिसते.

रात्री तो जुना तक्ता फाडला. गुणांच्या बेरजेत 'खटाक्' कुठे बसणार होतं? तालमीत डीएसएलआरला स्पष्टतेचे 10 पैकी 10 दिले तरी तो पाच मिनिटांत बाहेर गेला. नवीन तक्त्यात गुण नाहीत. एकच रकाना : इथे फोटो सगळ्यात आधी कशाने बिघडतो? त्यात जो कॅमेरा अडकत नाही तो न्यायचा. बाकी गुण त्याच्यानंतर.

12 जून, बुधवार

फोटोंचं नव्हे, फाइलींचं संकट. पाचही कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार एकत्र लावले तर नायिका पत्र वाचायच्या आधीच रडायला लागलेली. डीएसएलआरचं घड्याळ 17 मिनिटं पुढे, पाण्यातल्याची तारीख तर गेल्या वर्षातली. (बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की तसं होतं.)

उपाय : प्रत्येक कॅमेऱ्याने मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढला, सेकंद दिसतील असा. त्यावरून कोण किती मागे-पुढे ते कळलं. मग एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने तेवढा फरक सगळ्या फाइलींना एकदम लावला. दहा मिनिटांचं काम. हे 1 जूनला केलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

दुसरी चूक महागात पडली. कार्ड फॉरमॅट केल्यावर एका कॅमेऱ्याचे क्रमांक पुन्हा 0001 पासून सुरू झाले, कारण सलग क्रमांकाचा पर्याय बंद होता. त्याच फोल्डरमध्ये कॉपी करताना लॅपटॉपने विचारलं, जुन्या फाइली बदलू का? मी घाईत हो म्हटलं. स्टॉपवॉच चाचणीचे 38 फोटो गेले. चाचणीचेच होते म्हणून रडले नाही.

आता कॅमेऱ्यागणिक वेगळं फोल्डर, आणि सगळीकडे सलग क्रमांक चालू.

15 जून, शनिवार

पाऊस. भाऊ, मी आणि भाचा टेकडीवर. डीएसएलआरवर प्लास्टिकची पिशवी चढवली, लेन्सचं तोंड बाहेर काढून रबर लावला. बॉडी कोरडी राहिली. पण 18–140 झूम करताना नळी बाहेर येते, ओली होते, आणि आत जाताना ओली हवा घेऊन जाते. अर्ध्या तासात फोटो धुरकट. बाहेरून पुसलं, फरक नाही. वाफ आतल्या भिंगावर होती.

मोबाइलचं वेगळंच. ओल्या स्क्रीनला बोट कळत नाही. थेंबालाच बोट समजून तो भलतीकडे फोकस करतो. आवाज वाढवायचं बटण दाबून फोटो निघतो, हे भाच्याने दाखवलं. त्याचं वय 9.

पाण्यातला कॅमेरा 15 मीटरपर्यंत चालतो म्हणतात, पावसाला तो काय भीक घालणार. पण त्याचाही घात थेंबानेच होतो. पुढच्या काचेवर एक थेंब बसला की वाइडला (झूम न करता) तो मधोमध पुसट डागासारखा येतो. 70 फोटोंपैकी 19 त्यात गेले. मऊ कापड खिशात, आणि दर चार-पाच फोटोंनंतर काच बघायची. आणखी एक : बॅटरीच्या झाकणाच्या रबरी पट्टीवर एक केस अडकला होता. निघण्याआधी दिसला म्हणून वाचलो, त्या पट्टीवरच सगळी भिस्त आहे.

खर्च : झूम लेन्स दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात. वाफ गेली. डाग राहिलेला नाही, असं वाटतंय.

18 जून, मंगळवार

भाचा घरात, संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात उड्या मारतोय. इथे फोटो बिघडतो तो हलण्याने. मोबाइलचा रात्रीचा मोड अनेक फ्रेम जोडून एक फोटो करतो, त्यामुळे भिंत, सोफा, घड्याळ सगळं लख्ख आणि मधे भाच्याच्या जागी तीन हातांचं भूत. रात्रीचा मोड बंद केला तर भूत गेलं, नॉइज (फोटोतले दाणे) आला. डीएसएलआर, 50 एफ/1.8, शटर 1/250, आयएसओ 3200 : काम झालं. मिररलेसचं 45 एफ/1.8 पण जमलं असतं, फक्त या छोट्या खोलीत मला भिंतीतून मागे सरकावं लागलं असतं.

21 जून, शुक्रवार

पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र. सगळे उत्साहाने गच्चीवर. चूक माझी, फोटो बघितल्यावर कळली. पूर्ण चंद्रावर ऊन समोरून पडतं, खड्ड्यांच्या सावल्याच पडत नाहीत. पांढरी थाळी मिळाली. अष्टमीच्या सुमारास पुन्हा.

मोबाइलने मात्र खड्डे दाखवले. खरे किती आणि त्याच्या मनातले किती, कोण जाणे. तक्त्यात धरला नाही.

23 जून, रविवार

ताईला भर दुपारी फोटो हवा होता, बागेत, मागे फुलं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या येणार म्हणून फ्लॅश. डीएसएलआरच्या फ्लॅशला शटर 1/250 च्या वर जाता येत नाही. आयएसओ 100, कडक ऊन, 1/250 म्हणजे छिद्र एफ/11 करावं लागलं. फ्लॅश पूर्ण ताकदीने पेटायचा आणि पुढच्या फोटोपर्यंत चार-पाच सेकंद दम खायचा. मागचं कुंपण तारेसकट स्पष्ट.

मग खिशातला काढला. त्याचं शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे फ्लॅश 1/2000 लाही चालतो. एफ/4, 1/2000, सव्वा मीटरवरून. त्या नखाएवढ्या फ्लॅशने सावल्या उजळल्या! मला खरोखर आश्चर्य वाटलं. कुंपण तरीही दिसत होतं, कारण एवढ्या लहान सेन्सरवर एफ/4 ला मागचं फारसं पुसट होत नाही.

या सगळ्यात पाऊण तास गेला. ताई घामाघूम होऊन भिंतीच्या सावलीत जाऊन बसली, "तुमचं चालू दे" म्हणाली. तिथेच, फ्लॅशशिवाय, डीएसएलआर आणि 50 मिमीने एफ/2.2 ला काढलेला फोटो तिने प्रोफाइलला लावलाय. नोंद : आधी माणूस हलवता येतो का ते बघा. नाहीच हलवता आला तर खिशातला.

26 जून, बुधवार

मुंगी आणि पानावरचा किडा. जवळून फोटोत बिघाड होतो तो फोकसच्या पातळपणाने. डीएसएलआरला साध्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या तर मुंगीचा एक डोळा स्पष्ट आणि मिशा धुक्यात. पाण्यातला कॅमेरा काचेपासून 1 सेंटीमीटरवर फोकस करतो आणि सेन्सर लहान असल्याने अख्खी मुंगी स्पष्ट येते. एवढं जवळ गेल्यावर त्याचीच सावली मुंगीवर पडते, ऊन बाजूने येईल असं बसायचं. ट्यूब परत डब्यात.

30 जून, रविवार

या नोंदींतलं सगळ्यात मोठं काम. आईने जुन्या फोटोंचा डबा काढला, 94 फोटो, सगळ्यांच्या प्रती हव्यात. "मोबाइलने काढ ना, पाच मिनिटांत होईल," आई म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

पाच मिनिटांत झालंही. मोबाइलवर 20 फोटो काढले, चकाचक. मग आजीचा एक जवळून फोटो आहे, उन्हात डोळे बारीक करून हसतेय, तो मोठा करून पाहिला. आजीच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गेलेल्या. मूळ फोटोच्या कागदाचं दाणेदारपण मोबाइलने नॉइज समजून पुसलं, आणि त्याबरोबर सुरकुत्यांना इस्त्री करून टाकली. आईच्या हातात मूळ फोटो होता, तिने दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही आजीची बहीण वाटतेय."

वीसच्या वीस टाकून दिले.

दुसरी पद्धत : डीएसएलआर ट्रायपॉडवर तोंड खाली करून, 50 मिमी, एफ/8, आयएसओ 100, दोन सारखे दिवे दोन बाजूंनी 45 अंशांवर, खोलीतला बाकी उजेड बंद, दोन सेकंदांचा टायमर. इथेही एक तास गेला तो कॅमेरा फोटोला समांतर करण्यात. पातळी दाखवणारं ॲप लावलं, तरी एक कोपरा पुसट येत राहिला. टेबलच तिरकं होतं, ॲपला दोष का द्या.

शेवटी आरशाची युक्ती. फोटो ठेवायच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघायचं. आरशात आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसतं. ते फ्रेमच्या बरोबर मधोमध आलं की कॅमेरा समांतर. टेबल कितीही तिरकं असो. दोन मिनिटांत जुळलं. मग 94 फोटो दोन तासांत, चमकणाऱ्या फोटोंसाठी दिवे थोडे आणखी बाजूला. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलींत) काढले, रंग उडालेल्यांना नंतर सावकाश बघेन.

6 जुलै, शनिवार

भाच्याची पुढची शर्यत. डीएसएलआर, 70–300, शटर 1/1000, सलग फोकस. वळणावर तो थेट माझ्याकडे येत असताना काढलेल्या 18 पैकी 13 स्पष्ट. मिररलेस आणि 40–150 ने तेच वळण : 18 पैकी 4, कारण त्याचा फोकस पुढे-मागे चाचपडत बसतो. नवीन मिररलेस यात कितीतरी पुढे गेलेत, माझा जुना आहे. शर्यतीत भाचा चौथा आला. ताई या वेळी काही बोलली नाही, फक्त फोटो पाठवायला सांगितले.

14 जुलै, रविवार

अष्टमीचा चंद्र, ट्रायपॉड, खड्डे दिसले. एक गैरसमज मिटला : मायक्रो फोर थर्ड्सवर लेन्स 'दुप्पट' होते म्हणून चंद्र मोठा येईल असं मी धरून चालले होते. सेन्सरवर चंद्राचं बिंब लेन्सच्या फोकल लांबीच्या साधारण 110 व्या भागाएवढं पडतं, सेन्सर कोणताही असो. 300 मिमीला 2.7 मिमी. ते डीएसएलआरवर अंदाजे 700 पिक्सेल होतात. माझ्या मिररलेसच्या 150 मिमीला 360. मिररलेसला 300 लावली असती तर 720, म्हणजे दोघांत फरक जवळजवळ नाहीच. कडेचं काळं आकाश कापलं जातं, चंद्र वाढत नाही.

रात्री कागद लिहिला आणि चिकटवला :

शांतता हवी : मिररलेस, आवाज बंद, दिव्याला जुळणारं शटर.
पाऊस, चिखल, मुंग्या : पाण्यातला. कापड घे. रबरी पट्टी बघ.
दूर आणि पळणारं : डीएसएलआर, 70–300.
घरात पळणारं : डीएसएलआर, 50.
ऊन आणि जागचा न हलणारा माणूस : खिशातला, फ्लॅश.
जुने फोटो : डीएसएलआर, आरसा. मोबाइल नाही!
अचानक काहीही : मोबाइल.
चालत लांब जायचंय, काय दिसेल माहीत नाही : खिशातला.

शेवटच्या ओळीची चाचणी अजून घेतलेली नाही, अंदाजाने लिहिली आहे.

20 जुलै, शनिवार

सकाळी भाऊ माझ्या गैरहजेरीत आला, कागद वाचला, पाण्यातला घेऊन टेकडीवर गेला. अर्ध्या तासाने फोन.

"कागद एकदम भारी आहे. रबरी पट्टी पण बघितली, कापड पण घेतलं."

"मग?"

"यात मेमरी कार्ड नाहीये."

कार्ड लॅपटॉपला लावलेलं होतं, मुंग्यांच्या दिवसापासून. कागदावर सगळ्यात वर, लाल पेनने, नवीन ओळ : कार्ड, बॅटरी, मग झाकण बंद कर. भावाने पावसात मोबाइलने 11 फोटो काढले, आवाजाच्या बटणाने.